परीबागेतली पानगळ

सप्टेंबर संपत आला की इंग्लंड-अमेरिकेतल्या कितीतरी घरांत एक छोटासा उद्योग सुरू होतो. पसरट कुंडीत किंवा जुन्या लाकडी खोक्यात माती भरून त्यात शेवाळ, दोन-तीन बुटकी झाडे, वीतभर उंचीचे घर, खड्यांची पाऊलवाट असे एक चिमुकले आवार वर्षभर सांभाळलेले असते. याला तिकडे परीबाग म्हणतात. एवढ्याशा घरात राहणार तर परीच राहणार! ऋतू पालटला की बागेची सजावटही पालटते. ओकच्या फळांच्या टोप्या काढून दारापाशी वाट्या म्हणून मांडायच्या, मेपलच्या पंखवाल्या बिया कुंपणाला टांगायच्या, अल्डरच्या बोराएवढ्या शंकूंचा ढीग रचायचा, मक्याच्या कणसाच्या सालींचे बुजगावणे उभे करायचे आणि सगळीकडे तांबडी-पिवळी पाने पसरायची. झाला परीबागेचा ऑटम.

कार्यानुभवाच्या तासाला शोभेल असा हा खेळ. पण ही सजावट करणाऱ्याला दोन अडचणी येतातच. पहिली म्हणजे बाग लहान करता येते, पान लहान करता येत नाही. दुसरी म्हणजे आज आणलेल्या पानाचा रंग पंधरा दिवसांत उडतो. पहिली अडचण हौशी लोकांनी युक्तीने टाळली. दुसरीच्या मुळाशी असलेला प्रश्न, म्हणजे पानात रंग येतो कुठून आणि जातो कुठे, हा मात्र रसायनशास्त्राला शंभर वर्षांहून अधिक काळ पुरला. त्याची किल्ली सापडली ती खडूच्या भुकटीत. या लेखात या दोन्ही अडचणींचा इतिहास आम्ही एकत्र सांगणार आहोत.

आधी शब्दाचा एक खुलासा केलेला बरा. शब्दकोशात ‘ऑटम’ला शरद असा प्रतिशब्द असतो. पण आपला शरद म्हणजे पाऊस सरलेला, भाताची लोंबी भरलेली, अजून हिरवागार असा काळ. आपल्याकडची पाने गळतात ती शिशिरात आणि पुढे वसंताच्या तोंडावर, पाण्याच्या ताणामुळे. तिकडची पाने गळतात ती थंडीपूर्वी, दिवस लहान होऊ लागताच. अमेरिकेत तर या ऋतूला सरळ ‘फॉल’, म्हणजे गळणे, असेच म्हणतात. म्हणून आम्ही येथे शरद न म्हणता पानगळ म्हणणार आहोत.

काचेतली बाग आणि खडकावरची बाग

घरातल्या छोट्या बागेची मोठी लाट इंग्लंडमध्ये आली ती एका डॉक्टरच्या बाटलीतून. नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड हे लंडनच्या पूर्व भागात, गोदीजवळच्या दाट वस्तीत, वैद्यकी करीत. त्यांना नेचे लावण्याची हौस होती. पण दगडी कोळशाच्या धुराने त्यांचे नेचे जगत नसत. १८२९ साली त्यांनी एका पतंगाचा कोश ओलसर मातीत ठेवून ती माती रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत घातली आणि झाकण लावले. पतंग बाहेर कसा येतो ते त्यांना पाहायचे होते. रोज दुपारी मातीतले पाणी वाफ होऊन काचेला लागे आणि थेंब होऊन पुन्हा मातीत उतरे. काही दिवसांनी त्या मातीतून एक नेचा आणि गवताचे एक पाते उगवले. बाहेर जो नेचा जगत नव्हता, तो बंद बाटलीत पाण्याचा एक थेंबही न घालता जवळजवळ चार वर्षे जगला. १८४२ साली वॉर्ड यांनी यावर पुस्तक लिहिले. पुढे त्यांच्या काचपेट्यांतून चहाची आणि रबराची रोपे समुद्रापार गेली आणि आशियातल्या मळ्यांचा नकाशा बदलला. तो इतिहास स्वतंत्र लेखाचा आहे. दिवाणखान्यात मात्र या पेटीने एक वेडच लावले. काचेखाली नेचे, शेवाळ, दगड, मोडक्या किल्ल्याची छोटी प्रतिकृती अशी बाग सुखवस्तू घरांत दिसू लागली. चार्ल्स किंग्झली या लेखकाने १८५५ मध्ये या वेडाला ‘टेरिडोमॅनिया’ म्हणजे नेचेवेड असे नावच दिले. या वेडापायी इंग्लंड-आयर्लंडमधल्या दऱ्यांतून काही दुर्मिळ नेचे लोकांनी ओरबाडून नेले. छंदाची ही बाजू शिक्षकांनी विसरू नये.

परीबागेचे दुसरे मूळ आहे नॉर्दॅम्प्टनशायरमधल्या लॅमपोर्ट हॉल या वाड्यात. तिथले जहागीरदार सर चार्ल्स इशॅम यांनी १८४७ पासून वाड्याला लागून खडकांची एक कृत्रिम टेकडी रचायला घेतली. उंची सुमारे चोवीस फूट. तिच्या कपारींत बुटके सूचिपर्णी वृक्ष, आयव्हीचे लहान प्रकार, नेचे. आणि या सगळ्यात जर्मनीतल्या न्यूरेंबर्गहून आणलेले मातीचे दाढीवाले बुटके खाणकामगार, जर्मन लोककथांतले ‘नोम’. कुणी कुदळ घेतलेला, कुणी ढकलगाडी ढकलणारा. काहींनी तर आठ तासांच्या कामासाठी संप पुकारला होता! इशॅम शाकाहारी होते, भुताखेतांच्या बैठकांवर त्यांचा विश्वास होता आणि असे बुटके खरोखरच खाणींत राहतात असेही त्यांना वाटे. त्यांच्या मुलींना मात्र हे बुटके मुळीच आवडत नव्हते. वडिलांमागे त्यांनी ते काढून टाकले. दुसऱ्या महायुद्धानंतर टेकडीची साफसफाई करताना एका फटीत त्यांतला एकच बुटका सापडला. ‘लॅम्पी’ या नावाने तो प्रसिद्ध आहे आणि इंग्लंडमधल्या बागांतला सर्वांत जुना नोम म्हणून वाड्यात जपून ठेवलेला आहे.

या दोन्ही बागांत एक गोष्ट समान होती. नेचे आणि सूचिपर्णी ही बहुतेक सदाहरित मंडळी. (लार्चसारखा अपवाद सोडला तर सूचिपर्णी वृक्ष आपली सगळी पाने एकदम गाळत नाहीत.) म्हणजे छोट्या बागेत स्वतःची अशी पानगळ नव्हतीच. ती हवी असेल तर बाहेरच्या मोठ्या झाडांकडून आणावी लागणार.

ती कशी आणावी याचा सुंदर नमुना १९२६ साली एका चित्रपुस्तकाने दाखवला. सिसेली मेरी बार्कर या इंग्रज चित्रकर्तीचे ‘फ्लॉवर फेअरीज ऑफ दि ऑटम’ हे ते पुस्तक. लंडनजवळ क्रॉयडन येथे त्यांची बहीण घरीच बालवर्ग चालवीत असे. त्या वर्गातली मुलेच बार्कर यांच्या पऱ्या झाली. काड्या आणि झिरझिरीत कापड यांचे पंख, पोशाख हाताने शिवलेले. परीची कल्पना सोडली तर या चित्रांतली वनस्पती मात्र जशीच्या तशी आहे: पानाची दातेरी कड, फळांचा घोस, देठाचा कोन, सगळे निरीक्षण करून काढलेले. ओकच्या फळाची परी आहे, हेझलची आहे, आणि जंगली गुलाबाच्या फांदीवर येणाऱ्या लालसर केसाळ गाठीचीही आहे. ही गाठ फळ नसते. एक बारीक गांधीलमाशी तिथे अंडी घालते, तेव्हा झाडच ती वाढवते. परीच्या पुस्तकातून मुलांना कीटकांनी केलेल्या गाठींची ओळख व्हावी, याला आम्ही तरी उत्तम विज्ञानशिक्षण म्हणू.

पान लहान का होत नाही

आता पहिली अडचण. बाहुलीघरे आणि परीबागा पुष्कळदा बारास एक या प्रमाणात करतात, म्हणजे खरी वस्तू बारा सेंटिमीटर असेल तर बागेत एक सेंटिमीटर. मेपलचे साधारण बारा सेंटिमीटर रुंदीचे पान या बागेत ठेवले, तर परीच्या दृष्टीने ते बारा गुणिले बारा, म्हणजे एकशे चव्वेचाळीस सेंटिमीटरचे झाले. हे पान नव्हे, सतरंजी! दोन मिलिमीटरचा पावसाचा थेंब तिच्या डोक्यावर आवळ्याएवढा होऊन पडणार. प्रमाणाचा हा हिशेब मुलांकडून जरूर करून घ्यावा.

जपानी बोन्साय पाहिला की वाटते, पानही लहान करता येते. काही अंशी खरे आहे. मुळे आणि शेंडे छाटून, कुंडीत कोंडून वाढवलेल्या मेपलची पाने खरोखरच लहान होतात. पण त्या पानांचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर पेशी नेहमीच्याच आकाराच्या दिसतात. त्यांची संख्या तेवढी कमी असते. वीट तीच, भिंत छोटी. भिंत छोटी करण्यालाही मर्यादा आहे. आणि फुले-फळे तर या शिस्तीला फारशी दाद देत नाहीत. फूटभर उंचीच्या बोन्साय सफरचंदाला लागलेली फळे जवळपास नेहमीच्याच मापाची असतात आणि फांदी वाकून जाते. जे. बी. एस. हाल्डेन, जे पुढे भारतात येऊन स्थायिक झाले, यांनी १९२६ साली लिहिलेला योग्य आकारमानावरचा निबंध विज्ञानशिक्षकांना परिचित असेल. प्रत्येक सजीवाला त्याचे असे एक माप असते आणि ते बदलले की रचनाही बदलावी लागते, हे त्यात सांगितले आहे. परीबागेच्या कारागिरांना हे निबंध न वाचताही कळलेले असते.

त्यांनी काढलेली वाट म्हणजे लहान करण्याचा हट्ट सोडून मुळातच लहान असलेले शोधायचे. झाडाऐवजी दगडफूल घ्यायचे, त्याची फांद्यांची घडण मोठ्या झाडासारखीच असते. खेळण्यातल्या रेल्वेचे देखावे करणारे लोकही झाडांसाठी हीच युक्ती वापरतात. दगडफूल ग्लिसरिनमध्ये भिजवले की वर्षानुवर्षे मऊ राहते. हिरवळीऐवजी शेवाळ. बर्चच्या शंकूतले अर्ध्या सेंटिमीटरचे तीन टोकांचे खवले पाहिले तर छोट्या पानांचाच भास होतो. ते शेकड्यांनी पसरले की पानगळ झाली.

आपल्याकडे दिवाळीत मुले मातीचा किल्ला करतात, तेव्हा नेमका हाच पेच पडतो. किल्ल्याच्या उतारावर अळीव किंवा मोहरी पेरून शेते केलेली असतात. चार दिवसांनी रोपे मावळ्यांच्या छातीला लागतात आणि भाऊबीजेपर्यंत पहारेकरी दिसेनासे होतात. त्यातल्या त्यात लहान बी म्हणून मुलांनी अळीव निवडलेले असते, हे लक्षात घ्यावे. तोफेचे माप कमी करता येते, अंकुराचे नाही.

हिरवा जातो कुठे

पण सजावट करणाऱ्याचा खरा शत्रू माप नव्हे, रंग. लाल पान आणावे, बागेत ठेवावे आणि पंधरवड्यात ते तपकिरी व्हावे. यावर उपाय म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या गृहिणींनी नाना प्रयोग केले. टिपकागदात घालून वजनाखाली दाबणे, गरम इस्त्री फिरवणे, वितळलेल्या मेणात बुडवणे, ग्लिसरिनच्या पाण्यात ठेवणे. यांतला प्रत्येक उपाय थोडाफार चालतो आणि कोणताच पुरता चालत नाही. तो का, हे समजण्यासाठी पान रंगते कसे हे पाहिले पाहिजे.

पानातल्या हिरव्या द्रव्याला ‘क्लोरोफिल’ हे नाव १८१७ साली पेल्त्ये आणि काव्हांतू या फ्रेंच औषधशास्त्रज्ञांनी दिले. आपण त्याला हरितद्रव्य म्हणतो. १८३५ मध्ये मार्क्वार्ट या जर्मन शास्त्रज्ञाने फुलांच्या निळ्या रंगद्रव्यासाठी ‘अँथोसायनिन’ हा शब्द वापरला. आज लाल, जांभळ्या आणि निळ्या अशा एका मोठ्या कुटुंबाला आपण हेच नाव देतो. स्वीडनचे थोर रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी तर १८३७ साली चक्क पानगळीची पिवळी पाने घेऊन त्यांतला पिवळा रंग वेगळा काढला आणि त्याला ‘झँथोफिल’, म्हणजे ग्रीक भाषेत पिवळे पान, असे नाव दिले. नावे झाली. पण हिरवा पिवळ्यात बदलतो की पिवळा आधीपासूनच असतो, याचा निवाडा व्हायचा होता. १८६४ साली केंब्रिजचे स्टोक्स यांनी प्रकाशाच्या वर्णपटाच्या साहाय्याने दाखवले की पानातला हिरवा हा एक पदार्थ नसून दोन हिरवे आणि दोन पिवळे यांचे मिश्रण आहे. म्हणजे पिवळा रंग पानात उन्हाळाभर असतोच. हिरव्याच्या दाटीत तो दिसत नाही इतकेच.

लालाची गोष्ट निराळी. तो बहुतेक झाडांत आधी नसतो, पान मरणाच्या वाटेवर असताना नव्याने तयार होतो. देठाच्या बुडाशी पेशींचा एक विलगथर तयार होऊन पान सुटते आणि जखमेवर बुचासारखे आवरण येते, हे १८६० मध्ये फोन मोल यांनी सूक्ष्मदर्शकाने दाखवून दिले होते. हा थर बनू लागला की पानातली साखर बाहेर पडायला अडखळते. दिवसा ऊन चांगले असेल आणि रात्र गार पण हिमाविना असेल, तर त्या साखरेपासून अँथोसायनिन बनते आणि पेशीतल्या रसाच्या पिशवीत, म्हणजे रिक्तिकेत, विरघळून राहते. त्याला ऊन लागते याचा पुरावा मेपलच्या झाडाखाली उचलता येतो: एका पानावर दुसरे पान सावली धरून असेल, तर खालच्या लाल पानावर वरच्याचा पिवळा ठसा उमटलेला असतो.

मरणाऱ्या पानाने एवढा खटाटोप का करावा, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. एका गटाच्या मते लाल रंग ही पानाची छत्री आहे. हरितद्रव्य मोडत असताना ऊन पानाला इजा करते. ती टाळून पानातले नायट्रोजन खोडात परत नेईपर्यंत वेळ मिळावा म्हणून ही सोय. दुसरी कल्पना डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांची, त्यांच्या निधनानंतर २००१ मध्ये सहकाऱ्याबरोबरच्या लेखात प्रसिद्ध झालेली. त्यांच्या मते भडक रंग ही माव्यासारख्या किडींना दिलेली ताकीद आहे की हे झाड धडधाकट आहे, इथे अंडी घालू नका. आम्हाला पहिली बाजू अधिक पटते, कारण उन्हाचा आणि लालाचा संबंध ती सरळ समजावून देते. पण वाद मिटलेला नाही. आणि हिरवा जातो कुठे? दरवर्षी पृथ्वीवर कोट्यवधी टन हरितद्रव्य मागमूस न ठेवता नाहीसे होते, तरी त्याचे काय होते हे १९९१ सालापर्यंत कुणाला सांगता येत नव्हते. त्या वर्षी क्रॉयट्लर, मातिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिवळ्या पडणाऱ्या बार्लीच्या पानांतून हरितद्रव्याचा मोडलेला अवशेष ओळखून त्याची रचना ठरवली. शतकभर तो हाती लागला नाही, कारण तो रंगहीन होता. शोधणारे रंग शोधत होते!

आता इस्त्री आणि मेणाकडे परत येऊ. जिवंत पेशीत लाल रंग एका कप्प्यात असतो आणि त्याला बिघडवणारी विकरे दुसऱ्या कप्प्यात. पान हळूहळू वाळले की कप्पे फुटतात, सगळे एकत्र येते, आणि कापलेले सफरचंद जसे काळवंडते तसे पान तपकिरी होते. गरम इस्त्री दोन कामे करते: पाणी झटकन उडवते आणि विकरे निकामी करते. मेणामुळे हवा आणि ओल दूर राहते. उजेड मात्र मेणातून जातोच, म्हणून खिडकीतले पान फिकटते. ग्लिसरिनची गोष्ट आणखी बोधप्रद आहे. एक भाग ग्लिसरिन आणि दोन भाग पाणी घेऊन त्यात फांदी उभी करायची. पाण्याबरोबर ग्लिसरिन पानात चढते, उडून जात नाही आणि पान मऊ राहते. पण जुने जाणकार बजावतात की फांदी रंग बदलण्याआधीच तोडावी. रंगलेल्या फांदीत ग्लिसरिन चढत नाही. मोल यांनी पाहिलेला थर तोवर आपले काम करू लागलेला असतो. गळलेली पाने असतील तर ती ताटलीत ग्लिसरिनखाली आडवीच बुडवावी लागतात. अनुभवातून आलेला हा नियम वनस्पतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात शोभला असता.

खडूच्या नळीतला माणूस

रंग वेगळे करण्याचा खरा मार्ग शोधला तो मिखाईल त्स्वेत यांनी. ‘त्स्वेत’ या रशियन शब्दाचा अर्थच मुळी रंग. वडील रशियन, आई इटालियन. जन्म १८७२ मध्ये इटलीत, शिक्षण जिनिव्हात. रशियात परतल्यावर परदेशातली डॉक्टरेट तिथे ग्राह्य धरली जाईना, म्हणून त्यांना पुन्हा पदव्या घ्याव्या लागल्या. पुढे वॉर्सॉ येथे काम करताना त्यांनी काचेच्या उभ्या नळीत कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे खडूची, बारीक भुकटी दाबून भरली. पानांचा अर्क वरून ओतला आणि त्यामागून शुद्ध द्रावक सोडत राहिले. पांढऱ्या भुकटीत पट्टे उमटले: हिरवे वेगळे, पिवळे वेगळे. जो पदार्थ खडूला घट्ट चिकटतो तो मागे राहतो, कमी चिकटतो तो पुढे जातो. १९०३ साली त्यांनी हे वॉर्सॉच्या निसर्गअभ्यासकांच्या सभेत मांडले आणि १९०६ मध्ये जर्मन नियतकालिकात त्याला ‘क्रोमॅटोग्राफी’ असे नाव दिले. स्टोक्स यांचे दोन हिरवे आता नळीत डोळ्यांना दिसत होते.

त्या काळी वनस्पतींच्या रंगद्रव्यांतला शब्द चाले तो विल्स्टेटर यांचा. ते रसायनशास्त्रज्ञ, त्स्वेत वनस्पतिशास्त्रज्ञ. विल्स्टेटर पदार्थ किलोने शुद्ध करीत. नळीतल्या बोटभर पट्ट्यांवर त्यांचा विश्वास बसला नाही. खडूमुळे रंगद्रव्य बिघडते असे त्यांना वाटले. विल्स्टेटर यांचे काम थोरच होते. निळ्या कॉर्नफ्लॉवरचा आणि लाल गुलाबाचा रंग एकाच अँथोसायनिनचा आहे हे त्यांनीच दाखवले आणि १९१५ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. त्याच वर्षी पहिल्या महायुद्धात वॉर्सॉ जर्मनांच्या हाती पडले आणि त्स्वेत यांना काम सोडून निघावे लागले. मॉस्को, निझ्नी नॉवगोरोद, तार्तू, व्होरोनेझ अशी फरफट झाली. १९१९ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, ते वारले. त्यांची पद्धत पुढे बारा वर्षे जवळजवळ विस्मरणात गेली. १९३१ साली हायडेलबर्ग येथे कून यांच्या प्रयोगशाळेत लेडरर या तरुणाने ती पुन्हा उचलली आणि गाजरातले, अंड्यातले पिवळे पदार्थ भराभर वेगळे होऊ लागले. आज औषधांची शुद्धता तपासण्यापासून खेळाडूंच्या उत्तेजक द्रव्यचाचणीपर्यंत ही पद्धत जिथे तिथे आहे.

वर्गात

आपल्याकडे मेपल नाही, पण शाळेच्या अंगणात पुष्कळदा देशी बदाम असतो. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुमारास त्याची पाने गळण्यापूर्वी लालभडक होतात. त्याचे एक हिरवे आणि एक लाल पान वेगवेगळे कुटून थोड्या स्पिरिटमध्ये भिजत घालावे (जवळपास ज्योत नको). वाटीत अर्धा सेंटिमीटर अर्क घेऊन त्यात पांढरा खडू उभा करावा. पंधरा-वीस मिनिटांत रंग चढतात; हिरव्या पानाच्या खडूवर हिरव्यापुढे पिवळी कड दिसते. हल्लीचे खडू बहुधा जिप्समचे असतात, त्स्वेत यांच्यासारखे कार्बोनेटचे नव्हेत. व्हिनेगरचा थेंब टाकून फसफसते का हे पाहिले की कळते. दोन्ही प्रकार मिळाले तर पट्ट्यांची तुलना करावी.

ज्यांना रंगच नको असेल त्यांच्यासाठी पिंपळ आहे. एकोणिसाव्या शतकात पानांच्या जाळ्यांचे गुच्छ करून काचेखाली ठेवण्याची तिकडे मोठी हौस होती. आपल्याकडची मुले तर पिंपळाचे जाळीदार पान पुस्तकात ठेवतच आली आहेत. पान तीन-चार आठवडे पाण्यात ठेवावे. जीवाणू मऊ भाग खातात, शिरांतल्या लिग्निनला त्यांना सहज हात लावता येत नाही. मग मऊ दातघासणीने हलकेच घासावे. पाण्याला दुर्गंधी सुटते, तेव्हा भांडे वर्गाबाहेर ठेवलेले बरे.

बदामाची पाने झाडावर असतानाच एकमेकांवर आलेली शोधून, वरचे उचलून खालचे पाहावे. मेपलसारखा ठसा दिसतो का? आणि इस्त्रीखाली दाबलेले एक लाल पान काळ्या कागदाने अर्धे झाकून वर्गाच्या खिडकीला आतून चिकटवून ठेवावे. जूनमध्ये शाळा उघडली की तो कागद काढून पाहावा.